कुलूपबंद घर आणि फुटलेला गिझर

दिवाळी आटोपली की अनेक ज्येष्ठ दांपत्ये घराला कुलूप लावून मुलाकडे वा लेकीकडे महिना-दोन महिने राहावयास जातात. निघताना गॅस बंद केला जातो, देवघरातील निरांजन शांत झाल्याची दोनदा खात्री केली जाते, फ्रिज रिकामा होतो, तुळशीला पाणी घालण्याचे काम शेजारी सोपविले जाते. न्हाणीघरातील गिझरचे बटणही बंद होते आणि त्याची चिंता मिटली असे आपण समजतो. प्रत्यक्षात बटण बंद केल्याने केवळ वीज थांबते. पाणी थांबत नाही.

गिझर म्हणजे भिंतीवर टांगलेली पंधरा किंवा पंचवीस लिटरची टाकी. ती सदैव भरलेली असते आणि गच्चीवरील टाकीतील पाण्याचा दाब तिच्यावर रात्रंदिवस असतो. तिला भोक पडले, किंवा तिला जोडलेली लवचीक नळी तुटली, तर पंधरा लिटर सांडून प्रकरण संपत नाही; गच्चीवरील टाकीच हळूहळू आपल्या घरात रिकामी होऊ लागते. मिनिटाला दहा लिटर एवढीच गळती धरली, तरी तासाभरात ६०० लिटर होतात. न्हाणीघराची जाळी तुंबलेली असेल, तर ते पाणी उंबरठा ओलांडून दिवाणखान्यात येते आणि तेथून खालच्या मजल्यावरील छतात झिरपते.

टाकी फुटण्याची कारणे बहुधा संथ असतात. बोअरवेलच्या व टँकरच्या पाण्यात क्षार अधिक असतात. टाकी गंजू नये म्हणून तिच्यात मॅग्नेशियमची एक कांडी बसविलेली असते. टाकीऐवजी ती स्वतः झिजते. कांडी संपली की गंज टाकीकडे वळतो. ही कांडी दोन-एक वर्षांनी पाहावी, पाणी जड असल्यास त्याआधीच, हे आपल्याला विकत घेताना कोणी सांगत नाही. दुसरे कारण दाबाचे. पाणी तापले की प्रसरण पावते आणि तो वाढीव दाब सोडून देण्यासाठी गिझरला एक सुरक्षा झडप असते. पाणी तापत असताना तिच्यातून चार थेंब गळणे हे तिचे कामच आहे. ते थेंब खटकतात म्हणून काही घरांत झडपेला बूच मारून घेतले जाते. एवढा धोकादायक नीटनेटकेपणा दुसरा नसेल. गरम पाण्याला तांबूस रंग येणे, तापताना कुरकुर ऐकू येणे, गिझरखालच्या भिंतीवर ओल दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर प्रवासापूर्वीच कारागीर बोलवावा.

आता अशी कल्पना करा की आपण बंगळुरूला लेकीकडे आहात, रात्रीचे नऊ वाजले आहेत आणि पुण्याहून शेजाऱ्यांचा फोन येतो: “तुमच्या दाराखालून पाणी येतंय.” अशा वेळी पहिला प्रश्न ‘कुठून येतंय?’ हा असतो. तो बाजूला ठेवावा. प्रथम वीज तोडावयाची आणि तीही घराबाहेरून. बहुतेक इमारतींत तळमजल्यावर मीटरची खोली असते. तेथे आपल्या सदनिकेचा मेन स्विच असतो. तो वॉचमनने किंवा सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने, कोरड्या हातांनी व पायात रबरी चपला घालून बंद करावा. त्यानंतर पाणी. गच्चीवर प्रत्येक रांगेचा व्हॉल्व्ह असतो. तो बंद केल्यास वरच्या-खालच्या घरांचे पाणी काही काळ जाईल, पण त्यास कोणी आक्षेप घेणार नाही. या दोन्ही गोष्टी किल्ली नसतानाही होतात.

मग दार उघडण्याचा प्रश्न. ज्यांच्यापाशी किल्ली आहे ते शेजारी बहुधा आपल्याच वयाचे असतात. पंचाहत्तरीच्या गृहस्थांनी अनवाणी, धोतराचा सोगा खोचून, घोटाभर पाण्यात पोछा घेऊन उतरावे, असे प्रेमापोटीही होऊ देऊ नये. ओल्या फरशीवर घसरून खुब्याचे हाड मोडले तर आपल्या सोफ्याची किंमत कोण मोजणार? फोनवर स्पष्ट सांगावे: “काका, तुम्ही दारातच थांबा. आत प्लंबर आणि वॉचमन जातील.” खालच्या मजल्यावर आपण स्वतः फोन करावा, त्यांचा येण्याची वाट पाहू नये. गळतीवरून वर्षानुवर्षे अबोला धरलेली घरे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. त्यांतील निम्मी भांडणे पाण्यामुळे होत नाहीत, उशिरा केलेल्या फोनमुळे होतात. त्यांच्या छताला फुगवटा दिसत असेल, तर त्याखाली कोणी उभे राहू नये आणि त्या खोलीतील दिवा-पंखा लावू नये.

येथवर यंत्राची गोष्ट झाली. या सदराला अधिक काळजी आहे ती फोन ऐकणाऱ्या आजी-आजोबांची.

घरातील तरुण मंडळींचा पहिला विचार असतो की बाबांना कळू द्यायचे नाही, त्यांचे ब्लडप्रेशर वाढेल. हेतू चांगला असला तरी मला ही रीत पटत नाही. ज्या घराचे हप्ते त्यांनी वीस वर्षे फेडले, त्या घरातील घटना त्यांच्यापासून लपविणे म्हणजे त्यांना त्या घराचे पाहुणे ठरविणे होय. शिवाय गोष्ट लपत नाही. शेजारच्या काकूंचा फोन दुसऱ्या दिवशी येतोच. सांगावे, मात्र वेळ पाहून. वीज आणि पाणी बंद झाल्याची खात्री झाल्यावर, जेवण व औषधे झाल्यावर, शेजारी बसून सांगावे. “गिझर फुटला, पाणी बंद केलं आहे, उद्या सकाळी माणूस येतो आहे,” या क्रमाने. आणि “तुम्ही निघताना कॉक बंद केला नव्हता का?” हा प्रश्न जिभेवर आला तरी गिळावा. तो ऐकल्यावर रात्रभर झोप लागत नाही, आणि त्याच्या उत्तराने एक थेंबही थांबत नाही.

त्यांचा पहिला आग्रह असतो, “मला उद्याच घरी जाऊ दे.” बहुतेक वेळा या आग्रहामागे एखादी नेमकी वस्तू असते: कपाटाच्या तळाशी असलेली कागदपत्रांची पेटी, लग्नाचे छायाचित्र, कोणाची तरी पत्रे. ती कोणती हे विचारावे. व्हिडिओ कॉलवरून शेजाऱ्यांनी ती उचलून पलंगावर ठेवलेली दाखविली, की अर्धे मन निवते. त्याच वेळी ओल्या घराची छायाचित्रेही घेऊन ठेवावीत. गृहविमा असेल तर ती लागतात. २०२१ च्या एप्रिलपासून विमा कंपन्यांनी देऊ केलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विम्यात पाण्याच्या टाक्या व नळ फुटल्याने होणारे नुकसान समाविष्ट आहे. मात्र सामान्य झीज त्यात धरली जात नाही, आणि घर दीर्घकाळ बंद असल्यास काय, हे कलम आपल्या पॉलिसीत वाचून घ्यावे.

परतण्याची घाई का करू नये याचे कारण ओल हे आहे. भिजलेल्या गाद्या, पडदे व लाकूड एक-दोन दिवसांत सुकले नाही तर बुरशी धरते. दमा असलेल्या किंवा फुप्फुसे दुबळी असलेल्या व्यक्तीस अशा खोलीत झोपविणे म्हणजे पुढल्या आठवड्यात दवाखाना गाठणे. खिडक्या उघडाव्यात, पंखे मात्र इलेक्ट्रिशियनने वायरिंग तपासल्यानंतरच लावावेत. आतपर्यंत भिजलेली कापसाची गादी वाळली असे वाटले तरी मध्यभागी ओली राहते. ती टाकून द्यावी. भिजलेली औषधे, पट्टीत असली तरी, वापरू नयेत. मेन स्विच बंद असल्याने फ्रिज थंड राहिलेला नसतो. त्यात इन्शुलिन राहिले असेल तर ते परत थंड करून वापरू नये, नवे घ्यावे.

कधी उलटही घडते. काळजी घेणारी सून वा मुलगा परगावी असतो आणि ज्येष्ठ व्यक्ती घरी एकटी असताना गिझर फुटतो. त्यांना एकच वाक्य शिकवून ठेवावे: बाहेर जा आणि बेल वाजवा. पाणी आटोक्यात आणण्यासाठी त्यांनी न्हाणीघरात शिरू नये. साठ अंशांचे पाणी पाचच सेकंदांत त्वचा गंभीरपणे भाजू शकते आणि वयोमानाने पातळ झालेल्या त्वचेला तेवढाही अवकाश लागत नाही. भाजलेच, तर तो भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, हळद, टूथपेस्ट काहीही लावू नये. अंगठ्या-बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात, स्वच्छ कापडाने सैल झाकावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

पुढल्या प्रवासापूर्वी गिझरच्या आत जाणाऱ्या नळीवरील कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ क्षणभर उघडावा, म्हणजे दाब उतरतो. वर्षानुवर्षे न फिरविलेला कॉक जाम झालेला असतो. तो आठवडाभर आधीच फिरवून पाहावा, निघण्याच्या सकाळी नव्हे. कॉक बंद असताना गिझर चालू करणे धोक्याचे, म्हणून बटणावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवावी. मीटरच्या खोलीत आपला स्विच कोणता आणि गच्चीवर आपला व्हॉल्व्ह कोणता, त्यावर रंगाने सदनिकेचा क्रमांक लिहून घ्यावा. ती छायाचित्रे किल्ली असलेल्या शेजाऱ्यांच्या व मुलांच्या फोनमध्ये असू द्यावीत.

परत आल्यावर पहिल्या दिवशी लगेच स्नानास बसू नये. कोमट, साचलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात व त्यांचा त्रास वृद्धांच्या फुप्फुसांना अधिक होतो. कॉक उघडावा, गरम नळातून हवा जाऊन पाण्याची धार अखंड येईपर्यंत थांबावे, मगच बटण लावावे. गिझर साठ अंशांपर्यंत तापू द्यावा, खिडकी उघडी ठेवून ते पाणी काही मिनिटे वाहू द्यावे, आणि मग बादलीत आधी गार व नंतर गरम पाणी घेऊन, कोपर बुडवून पाहून, स्नान करावे.