पावसाची भीती आणि फोनवरचा सल्ला

पावसाळा लागला की दवाखान्यात सर्दी-खोकल्याचे रुग्ण वाढतात, हे नेहमीचेच. पण गेली काही वर्षे एक निराळी तक्रार कानावर येते. पुण्यात आंबिल ओढ्याकाठी राहणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "डॉक्टर, ढग दाटून आले की छातीत धडधडतं. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही."

रक्तदाब, साखर, थायरॉईड, हिमोग्लोबिन, सारे तपासले. दोष सापडला नाही. मूळ होते २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीत. त्या रात्री ओढ्याला पूर आला, भिंती कोसळल्या, पुणे परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले आणि बाईंची भीती पुन्हा उफाळून आली.

घरचे म्हणतात, "उगाच मनाला लावून घेते." मला हे पटत नाही. हवामान बदलत आहे, थोड्या वेळात धो धो पाऊस कोसळण्याचे प्रकार वाढले आहेत. ज्याने दारात पाणी पाहिले, त्याची भीती खोटी कशी म्हणावी?

मुलाने मोबाईलवर समुपदेशकाची वेळ ठरवून दिली. नाडी न पाहता कसला उपचार, असे मला आधी वाटले. पण काही आठवड्यांत बाईंची झोप सुधारली. मानसोपचाराच्या दवाखान्याची पायरी चढायला जे कचरतात, त्यांना हा मार्ग सोयीचा आहे. अडचण एकच, दोन खोल्यांच्या घरात मन मोकळे कुठे करायचे? बाई गच्चीवर जाऊन बोलत. एवढा आडोसा घरच्यांनी द्यायलाच हवा.

केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मोफत, चोवीस तास आणि मराठीतही बोलता येते. पैसे देऊन सल्ला घेणार असाल, तर समोरच्याचे शिक्षण व नोंदणी आधी विचारा. झोपेच्या गोळ्या परस्पर घेऊ नका. अन्न जात नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर फोनवर न थांबता रुग्णाला डॉक्टरांकडे न्या.

मात्र फोनवरच्या बोलण्याने ओढ्यातला राडारोडा हलत नाही. बाईंनी शेजारणींना घेऊन महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला, घरातली कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवली. "त्या रात्री शांत झोपले," असे त्यांनी सांगितले. मनाला धीर द्यावा, पण ओढाही साफ व्हावा. माझ्या मते औषध पुरे होते ते तेव्हाच.