रोज एकच हवा

बाईचा रोज बाप्याच्या रोजापेक्षा कमी का, असं आमच्या बदनापूरकडं कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं : "बाप्याचं काम जड असतंय."

मला हे पटत नाही. बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बायांनी बाप्यांच्या बरोबरीनं खडी फोडली. समान वेतनाचा कायदा १९७६ साली आला, महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ साली. हमीच्या कामावर दोघांना दर एकच. कापूस किलोवर वेचला, तर काटाही बाई-बाप्या बघत नाही. फरक पडतो तो रोजानं गेल्यावर, म्हणजे जिथं दर मालकाच्या तोंडी असतो तिथं.

आणि जड काम कोणतं हो? नांगर आता ट्रॅक्टर ओढतो. खुरपणीला उन्हात दिवसभर उकिडवी बसते ती बाईच. मी बसलेय, म्हणून सांगते. घरी येऊन चूल पेटवायची ती वेगळीच.

समान वेतनाचा नियम पन्नाशीला आला. तो मोडणारे मुंबई-दिल्लीचे नाहीत, आपल्याच भावकीतले आहेत. खरिपाचा रोज ठरवायला पारावर बसाल, तेव्हा दोन आकडे बोलू नका. एकच बोला. आणि तो ठरवताना बायांनाही बोलवा.