ताण जू उतरवल्यावर जातो

टेन्शन हा साहेबलोकांचा रोग, हमालाला फक्त दमणूक, असं सांगणारे खोटं बोलतात. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या हजारो नोकरांची पाहणी मार्मट आणि मंडळींनी 1978 मध्ये छापली. हृदयविकाराने मरणारे खालच्या पायरीवर जास्त, वरच्या खुर्चीत कमी. 1979 मध्ये कॅरासेकने कारण मांडलं : काम रेटून घ्यायचं आणि त्या कामावर तुमची सत्ता शून्य, तिथं ताण जास्त.

गोदीत आपल्याला हे रोज कळतं. ओझं किती, दम कधी घ्यायचा, सगळं मुकादम ठरवणार.

वर जात आहेच. मुंबईच्या गिरण्यांत धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून आपल्या बापजाद्यांना साचेखात्यात घेत नव्हते. पगार बरा तिथंच होता. हा ताण कुठल्या गोळीने उतरतो?

आता म्हणतात, डोळे मिटा, खोल श्वास घ्या. आमच्या बेल्ह्याला सोमवारी बैलबाजार भरतो. तिथला अंगठेबहाद्दर शेतकरीही खांदा सुजलेल्या बैलाला प्राणायाम शिकवत नाही. जू उतरवतो.

माणसाचं जू भांडूनच उतरलं. लोखंडेंनी 1890 मध्ये रविवारची सुटी मिळवली. बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना 1946 मध्ये कारखान्याचा आठवडा 48 तासांवर आणला. हमालांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला.

तेव्हा दोस्तांनो, मागा : ठरलेली पाळी, ओझ्याला मर्यादा, मध्ये विसावा आणि हे ठरवताना टोळीचा माणूस समोर बसलेला. खोल श्वासही घेऊच. घोषणा द्यायला तो लागतोच.