पगार नसलेल्या गृहिणीचे निवृत्तिवेतन

मुलगी लग्नानंतर परदेशी निघाली की आपल्या घरांतून व्हिसा, दागिने, तिकीट यांची बारकाईने चौकशी होते. तिच्या म्हातारपणीच्या उत्पन्नाची चौकशी मात्र, जावईबापूंची नोकरी चांगली आहे, एवढ्यावरच थांबते. मुलगी स्वित्झर्लंडला जाणार असेल तर इतके पुरेसे नाही.

त्या देशात वृद्धापकाळाचा सरकारी विमा १९४८ पासून आहे आणि तो केवळ नोकरीवर नव्हे, वास्तव्यावरही बेतलेला आहे. वयाची २० वर्षे पूर्ण झाल्यानंतरच्या १ जानेवारीपासून तेथील रहिवाशाला कमाई नसली तरी वर्गणी लागू होते. परदेशी नागरिकही त्यातून सुटत नाही. २०२५ साली किमान वार्षिक वर्गणी ५३० फ्रँक आहे. गृहिणीला सवलत मिळते ती अशी : पतीच्या पगारावर, मालकाच्या हिश्शासह, याच्या दुप्पट म्हणजे १,०६० फ्रँक जमा होत असतील तर तिचीही वर्गणी भरली असे मानतात. वर्गणीचा दर १०.६ टक्के असल्याने वर्षाला १०,००० फ्रँक पगार त्याला पुरतो. त्यामुळे तरुण जोडप्याला या नियमाची जाणीवही होत नाही.

जाणीव होते ती पतीची कमाई थांबल्यावर. समजा, पती ६५ व्या वर्षी निवृत्त झाला आणि पत्नी ५८ वर्षांची आहे. तिची सवलत तेथेच संपते. पुढे स्वतःचे निवृत्तीचे वय येईपर्यंत तिला वर्गणी भरावी लागते आणि ती ठरते दोघांच्या मालमत्तेच्या व निवृत्तिवेतनाच्या निम्म्या भागावरून. आयुष्यभर काटकसर करून शिल्लक टाकणाऱ्या कुटुंबाला ती जड वाटेल. पतीची नोकरी मध्येच सुटली तरी हा प्रश्न उभा राहू शकतो.

भरणा चुकला तर काय? पूर्ण वेतनासाठी ४४ वर्षांचा भरणा लागतो. सुटलेल्या प्रत्येक वर्षामागे साधारण चव्वेचाळिसावा हिस्सा कायमचा कमी होतो. थकलेले वर्ष पुढील पाच वर्षांतच भरता येते, नंतर खाते मिटते. २८ व्या वर्षी तेथे गेलेल्या मुलीची आधीची वर्षे तर भरताच येत नाहीत. म्हणून पुढचे एकही वर्ष तिने सोडू नये.

या पद्धतीतील एक गोष्ट मला फार न्याय्य वाटते. १९९७ पासून संसारातील वर्षांची दोघांची कमाई निम्मी-निम्मी करून दोघांच्या स्वतंत्र खात्यांत मांडली जाते. मुले १६ वर्षांची होईपर्यंतच्या संगोपनाचीही जमा धरली जाते. आपल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत गृहिणीचा हक्क सुरू होतो तो पतीच्या पश्चात. तेथे तो तिच्या नावावर, तिच्या हयातीतला असतो. घटस्फोट झाल्यास ही विभागणी अर्ज करून तेव्हाच करून घ्यावी.

भारतीय कंपनीने पाठविलेल्यांचा हिशेब वेगळा आहे. २०११ पासून लागू असलेल्या करारानुसार भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचा दाखला घेतल्यास पतीची वर्गणी भारतातच राहते. अशा वेळी सोबत गेलेल्या पत्नीचे काय, हे कँटोनच्या विमा कार्यालयाकडून लेखी घ्यावे. तिच्या खात्याचा उताराही तेथे विनामूल्य मिळतो. दर चार वर्षांनी मागवावा, म्हणजे चूक पाच वर्षांच्या आत सापडते.