वादळग्रस्तांसाठी चंदा: पैसा नेमका कुठे द्यायचा?

चक्रीवादळाची बातमी आली की जऊळक्यासारख्या समुद्रापासून लांबच्या गावातही चंद्याची गोष्ट निघते. नियत साफ असते, पण रक्कम कुठे पोहोचते हे आपण क्वचितच विचारतो.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागात घरांचे पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. अशा वेळी बाहेरून आधी धान्य आणि कपडे जातात. पण सुपारीचं नवं झाड फळायला पाच-सात वर्षं लागतात. तेवढा काळ बागेची कमाई बंद. म्हणजे पत्रे, रोपं, मुलांची फी ही गरज मदतीचे ट्रक परतल्यावरच सुरू होते. वाशिमहून जुने कपडे पाठवण्यापेक्षा त्या गाडीभाड्याचे पैसे दिलेले बरे.

जकात मात्र वेगळी ठेवा. बहुतेक उलमांच्या मते ती हकदाराच्या मालकीत जायला हवी. म्हणून ती तिथल्या जमातीमार्फत, गरजूंची यादी पाहून द्या. मुख्यमंत्री सहायता निधीला द्यायचं तर सदक्यातून, इमदादीतून द्या. तिथे पावती मिळते.

संस्था कोणतीही असो, नोंदणी, पावती आणि हिशेब या तीन गोष्टी मागाच. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अनोळखी क्यूआर कोडवर पैसे टाकू नका.

आणि वादळ मजहब पाहून छप्पर उडवत नाही. नफली सदका गैरमुस्लिम शेजाऱ्यालाही देता येतो, हे विसरू नये.