करसल्लागार पारखून घ्यावा

आमच्या कास्तकार बंधूंपैकीं पुष्कळांनीं शेतीस जोडून डाळीची गिरणी किंवा खतांचें दुकान काढिलें आहे. शेतीचें उत्पन्न प्राप्तिकरांतून मुक्त आहे. परंतु दुसऱ्याची तूर विकत घेऊन केलेल्या डाळीवरील नफा व्यापाराचाच होय. तो सातबाऱ्याआड दडवून ‘कर शून्य करून देतों’ म्हणणारा सल्लागार स्वस्त खरा, पण नोटीस येते ती मालकाच्या नांवें! सनदी लेखापाल म्हणविणाऱ्यास सभासद क्रमांक विचारावा. १९४९ च्या कायद्यानें स्थापिलेल्या संस्थेकडे तो पडताळतां येतो. २०१७ पासूनच्या वस्तु व सेवाकराचें काम त्यानें गिरणीवाल्यांसाठीं केलें आहे काय, हेंही पुसावें. पासवर्ड त्याच्या स्वाधीन करून निर्धास्त राहणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. भरलेल्या प्रत्येक विवरणपत्राची प्रत घरच्या दप्तरीं हवी.