वसुबारसेपर्यंत थांबू नये

मोबाइलवर बड्या पेढ्यांच्या सवलतींचे नगारे घटस्थापनेच्या सुमारासच झडू लागतात. पुण्यातील लक्ष्मी रस्त्यालगतचा छोटा दुकानदार मात्र वसुबारसेला आकाशकंदील टांगून गिऱ्हाइकाची वाट पाहतो. तोवर घरोघरची खरेदी आटोपत आलेली असते! किमतीच्या चढाओढीत त्याने पडूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु कोणत्या घरी भाजणी लागते, कोणाचा मुलगा परदेशी आहे, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक? त्याने नवरात्रातच अशा घरी मागणी विचारावी. परदेशी जाणारा फराळ वेळेवर पोचावा तर तो लवकरच निघावयास हवा. १९०९ च्या 'मनोरंजन'पासून दिवाळी अंकांची परंपरा चालत आली आहे. गल्लीतील दहा दुकानांनी वर्गणी काढून एखाद्या अंकात एक पान घेण्यास काय हरकत आहे? मात्र ती पाने दिवाळीच्या बऱ्याच आधी भरतात.